घरचे काम आणि कामातला वाटा

विडी, पापड, खानावळ आणि मागासाठी भरायच्या कांड्या या कामांनी विसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचे कारखाने केले. कच्चा माल बाहेरून येई, राबणे घरात होई आणि तयार माल दुसऱ्या दिवशी बाहेर जाई. २०२०च्या टाळेबंदीत संगणकावरचे काम घरी आले, तेव्हा ते अनेकांना अगदी नवे वाटले. पण घरी काम देण्याची रीत, तिची सोय आणि तिच्यातली लबाडी हे सारे सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईला आणि गिरगावात पापड लाटणाऱ्या बाईला कधीचे ठाऊक होते. दोघींचे काम घरातल्या जमिनीवर बसूनच चाले, तरी दोन्ही धंद्यांचा इतिहास वेगळ्या वाटांनी गेला. फरक पडला तो मालकीमुळे.

विडीच्या कामाला यंत्र लागत नाही आणि वीजही लागत नाही. विदर्भातल्या जंगलांत उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडतात, पुडकी बांधून वाळवतात आणि ती सिन्नर, संगमनेर, सोलापूर अशा विडीच्या गावांना जातात. तेथे पान भिजवायचे, पत्र्याच्या साच्यावर कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा आणि तोंड मिटायचे. मजुरी हजार विड्यांमागे. सूप मांडीवर घेऊन हे काम कोणत्याही ओसरीवर करता येते, आणि सोलापुरात तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबांतल्या बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केले. घरातले पुरुष मागावर किंवा गिरणीत, बायका विडीवर, अशी या वस्तीची विभागणी होती. गिरण्या बंद पडत गेल्या तसा विडीच्या मजुरीवरचा भार वाढला.

मात्र काम घरात जाण्यामागे केवळ सोय नव्हती, कायदाही होता. मध्यप्रांत आणि वऱ्हाडात १९३७ साली विडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांना लागू होणारा कायदा झाला. १९४८च्या कारखाना कायद्याने विजेशिवाय चालणाऱ्या जागेतही वीस कामगार असले की तिला कारखाना मानले. कामाचे तास, रजा, उजेड, पाणी या जबाबदाऱ्या त्याबरोबर आल्या. त्या टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे शेड मोडून पान आणि तंबाखू कंत्राटदारामार्फत घरोघर पाठवणे. जागेचे भाडे वाचले, दिव्याचे तेल वाचले, आणि मुख्य म्हणजे ‘आमच्याकडे कामगारच नाहीत’ असे मालकाला म्हणता येऊ लागले. घरून काम करण्याच्या इतिहासातली ही कळीची गोष्ट आहे. काम मालकाचेच राहिले. कामगाराविषयीची जबाबदारी तेवढी गेली.

लुबाडणूक मापात होत असे. पाने वजनाला कमी किंवा फाटकी दिली जात, पण विड्या ठरलेल्या संख्येनेच परत मागितल्या जात. तूट पडली तर बाईने पदरच्या पैशाने पान विकत आणायचे. तयार मालातून खराब ठरवलेल्या विड्यांची ‘छाट’ काढली जाई. छाटलेल्या विडीची मजुरी मिळत नसे आणि ती विडीही बाईला परत मिळत नसे. घरातली मुले दोरे बांधत, म्हातारी पाने पुसत, पण हिशेबात नाव एकटीचेच असे.

या स्थितीला उत्तर म्हणून १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांचा कायदा केला. त्यात घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगार ठरली, कच्चा माल कंत्राटदाराने आणून दिलेला असला तरीही. छाटीला नियमांनी टक्केवारीची मर्यादा घातली. मालकांनी या कायद्याला आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९७६ साली विडीवरच्या उपकरातून कल्याण निधी उभा राहिला. दवाखाना, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीची मदत त्यातून मिळू लागली. सोलापूरजवळ कुंभारी येथे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली महिला विडी कामगारांनी उभ्या केलेल्या, गोदूताई परुळेकरांचे नाव दिलेल्या वसाहतीत दहा हजार घरे झाली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वाटप झाले. ज्यांचे घर हाच कारखाना, त्यांच्यासाठी स्वतःच्या नावावरचे घर ही निवाऱ्याहून मोठी गोष्ट होती. तरी विडीच्या किमतीतला वाटा त्यांना कधी मिळाला नाही. कामगारांच्या संघटनेने मजुरी वाढवली, नफा मात्र मालकाकडेच राहिला.

तो वाटा मिळवण्याचा प्रयोग १९६६च्या याच कायद्याच्या निमित्ताने केरळात झाला. १९६८ साली तेथे कायद्याची अंमलबजावणी सुरू होताच कण्णूर भागातल्या विडीच्या मोठ्या मालकांनी कारखाने बंद केले आणि सुमारे बारा हजार कामगार रस्त्यावर आले. १९६९ साली त्यांनी राज्य सरकारच्या मदतीने ‘केरळ दिनेश बिडी’ ही सहकारी संस्था काढली. या कामगारांनी काम घरी नेले नाही. उलट एकत्र बसण्याची शेड टिकवली. एकाने मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे आणि बाकीच्यांनी विड्या वळत ऐकायचे, ही तिथली जुनी प्रथाही चालू राहिली. घरी विखुरलेल्या कामगाराला सर्वांत आधी गमवावी लागते ती अशी शेजारची माणसे, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचा धंदा थोडा निराळा होता. कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना त्या चाळीतल्या आपल्याच खोलीत जेवू घालत. पैसे महिन्याने मिळत, वाण्याचे उधार मात्र रोज वाढे, आणि संप झाला की जेवणारा आणि जेवू घालणारी दोघेही कर्जात जात. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेपुढे तारण ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हते. बायकांचे गट एकमेकींसाठी हमी राहिले.

मालकी आणि घरचे काम यांची सर्वांत टिकाऊ सांगड पापडाने घातली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. छगनलाल करमसी पारेख ऊर्फ छगनबापा यांच्याकडून ऐंशी रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. देणगी घ्यायची नाही, हा निश्चय पहिल्यापासून होता. सुरुवातीला एक कमी प्रतीचा स्वस्त पापडही निघत असे, पण छगनबापांनी एकच आणि उत्तमच प्रत ठेवण्याचा आग्रह धरला. पहिल्या पावसाळ्यात माल वाळेना म्हणून चार महिने काम बंद राहिले. पुढच्या वर्षी बायकांनी एक खाट आणि शेगडी आणली, खाटेवर पापड पसरले आणि खालून शेगडीची धग दिली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती.

बायकांची संख्या शेकड्यांत गेली तशी गच्ची अपुरी पडली. तेव्हा मळलेले पीठ घरी न्यायचे, तेथे लाटायचे आणि वाळलेले पापड परत आणायचे, अशी पद्धत सुरू झाली. म्हणजे विडीचे काम कायदा चुकवण्यासाठी घरात ढकलले गेले, आणि पापडाचे काम जास्त बायकांना सामावून घेण्यासाठी. वरून दोन्ही सारखेच दिसते. पहाटे पापड संस्थेच्या शाखेपुढे रांग लागते, कालचे पापड तपासून वजन होते, लाटणीची मजुरी ‘वणाई’ म्हणून मिळते आणि पिठाचा नवा गोळा डब्यात पडतो. पण येथे माप घेणारी बाईही आधी लाटणारीच होती. संचालिकेपासून अध्यक्षेपर्यंत सगळ्या लाटणाऱ्या बहिणींमधूनच येतात. पुरुष हिशेबनीस किंवा चालक म्हणून पगारावर असू शकतात, सभासद होऊ शकत नाहीत. १९६२ साली मालाला ‘लिज्जत’ हे नाव मिळाले, १९६६ साली ‘श्री महिला गृह उद्योग’ ही संस्था म्हणून नोंदली गेली आणि त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली.

नफ्याचा हिस्सा सगळ्या बहिणींना सारखा मिळतो, मग बाई काल आलेली असो की वीस वर्षांपूर्वी. कधी रोख, कधी सोन्याच्या नाण्याच्या रूपात. तोटा झाला तर तोही सगळ्यांचाच. चव सगळीकडे एक राहावी म्हणून पीठ आणि मसाला मध्यवर्ती ठिकाणाहून शाखांना जातो, आणि घराची स्वच्छता पाहायला शाखेतून बाई येते. घर आपले, पण ओटा आणि पोळपाट कामाच्या वेळी संस्थेचा, हे प्रत्येकीला मान्य करावे लागते. देखरेख असूनही ती जाचक वाटत नाही, कारण तपासणारीचा आणि तपासली जाणारीचा नफा एकच आहे. आज सुमारे पंचेचाळीस हजार बायका या व्यवस्थेत आहेत. जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एक उणीव मात्र नजरेआड करता येत नाही. सहमालकीण म्हणजे नोकरदार नव्हे, त्यामुळे नोकरदाराला कायद्याने मिळणारे म्हातारपणाचे आधार तिला आपोआप मिळत नाहीत. वाटा आणि हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि कामगाराला दोन्ही लागतात.

संगणकाच्या धंद्यात वाट्याची कल्पना वेगळ्या मार्गाने आली. १९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी सुधा मूर्ती यांच्याकडून घेतलेल्या दहा हजार रुपयांवर इन्फोसिस सुरू केली, आणि १९९०च्या दशकात त्या कंपनीने कर्मचाऱ्यांना समभाग दिले. भारतात तेव्हा हे दुर्मीळ होते. पण काम मात्र कचेरीतच राहिले. दूरसंचार विभागाच्या नियमांनुसार कॉल सेंटरसारख्या सेवांना नोंदणी लागे आणि घरून काम द्यायचे तर बँक हमीची अट असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा ही अट तात्पुरती शिथिल झाली आणि नोव्हेंबर २०२०च्या नव्या नियमांनी ती काढूनच टाकली. पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या संगणक कंपन्यांचे काम सातारा, जळगाव, नांदेडच्या घरांत गेले. भाडे आणि प्रवास वाचला, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहता आले, बाळंतपणानंतर नोकरी सोडण्याची वेळ काही जणींवर आली नाही. हा लाभ खरा आहे आणि तो कमी लेखू नये. त्याच वेळी हिंजवडीतल्या मेस, भाड्याच्या खोल्या आणि बसगाड्या यांवर जगणाऱ्यांची कमाई बुडाली, आणि वीज, खुर्ची, बंद दाराची खोली यांचा खर्च कर्मचाऱ्याच्या अंगावर आला. विडीच्या मालकाने शेड मोडून जे वाचवले होते, त्याच जातीचा हा खर्च आहे. पडद्यावरच्या हालचाली मोजणारी यंत्रणा छाटीचेच काम करते. फक्त ती छाट बाईच्या डोळ्यांसमोर होई, ही दिसतही नाही.

२०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून काम करणाऱ्या कामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ सालीच केला. मजुरी, सुरक्षितता आणि संघटनेचा हक्क यांत घरी काम करणारा आणि कारखान्यात काम करणारा सारखाच, असे तो सांगतो. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.