पळस, खाखरो आणि तीन पानं

मंडळी, सुरतेतली आपली बरीच घरं खानदेशातून आलेली. जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून ताप्ती लाईनच्या गाडीत बसून माणसं लूमवर, मिलमध्ये कामाला आली. ट्रंकेत भांडी आली, गोधड्या आल्या. झाडं गावीच राहिली, त्यांच्या गोष्टी मात्र सोबत आल्या. त्यातली ही पळसाची.

होळीच्या सुमारास त्याच गाडीनं जा आणि खिडकीची जागा धरा. व्यारा, सोनगड, नवापूर भागात पानं गळालेला पळस केशरी पेटलेला दिसतो. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, तेव्हा नवापूर स्टेशनचीही वाटणी झाली. फलाटावरचा एक बाक तर अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये! पळसाचं फक्त नाव बदललं. तिकडे पळस, इकडे खाखरो, आणि फुलं म्हणजे केसूडां. पत्रावळी दोन्हीकडे त्याच्याच पानांच्या, होळीचा रंगही त्याच्याच फुलांचा.

संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ फुलाची पाकळी खरंच चोचीसारखी वाकडी. वैदिक कथेतही पक्षी आहेच. गायत्री पक्षी होऊन स्वर्गातून सोम आणत होती, तेव्हा एक पर्ण गळून पडलं आणि त्याचा पळस झाला. पर्ण म्हणजे पान, आणि पीससुद्धा.

आमच्या आजीची गोष्ट मात्र साधी. ‘कुठेही जा, पळसाला पानं तीनच,’ असं लोक वैतागून म्हणतात. आजी तेच समजूत घालायला म्हणायची. मधलं मोठं पान म्हणजे गावी शेती बघणारा थोरला. बाजूची दोन पोट भरायला बाहेर पडली, एक भुसावळला, एक सुरतेला. ‘पण देठ एकच ना रे?’ गावाच्या आठवणीनं रडणारं पोर तेवढ्यावर गप्प व्हायचं.

आता आपली नातवंडं शाळेत केसूडां शिकतात. शिकू देत, या मातीतलंच नाव आहे ते. पण घरी पळस म्हणणारं कुणी उरलं नाही, तर ही म्हण त्यांना कळायची कशी आणि आजीची गोष्ट पुढे जायची कशी? येत्या फाल्गुनात पोरांना एक डहाळी दाखवा, पानं मोजायला लावा आणि तुमच्या घरची गोष्ट सांगा.