झडती माणसांची की उंदरांची?

प्लेगचे नाव निघाले की पुण्याच्या माणसाला रँडसाहेब आठवतो आणि २२ जून १८९७ ची गणेशखिंडीची रात्र डोळ्यांपुढे उभी राहते. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या इतिहासातले एक पात्र आमच्या बोलण्यात क्वचितच येते. ते पात्र म्हणजे उंदीर.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. वखारींना खेटूनच माणसांची दाट बिऱ्हाडे. रोगाचा जंतू यर्सां याने १८९४ साली हाँगकाँगला शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडे उलगडले नव्हते. सरकारने घाण आणि माणसाचा संसर्ग यांवर ठपका ठेवला. १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्याने अधिकार हाती आले आणि पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत शिरले. सामान रस्त्यावर आले, देवघरे विटाळली, आजाऱ्यांना आप्तांपासून तोडून इस्पितळात नेले. झडती झाली ती माणसांची. भिंतीतला उंदीर मात्र बिळात सुखरूप राहिला.

नवल हे की, खरी खूण लोकांना अनुभवाने कळली होती. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड आवरायचे आणि गावाबाहेर माळावर झोपडी घालून राहायचे. यामागचे कारण १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेले शरीर सोडतात आणि दुसरे रक्त शोधतात. दुसरा उंदीर मिळाला नाही, तर माणूस. सिमाँचे म्हणणे प्रथम कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत गिनीपिगांवर प्रयोग केले, तेव्हा शंका उरली नाही. पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंच टांगलेले प्राणी रोगापासून बचावले.

यातून आम्हांला दोन गोष्टी शिकावयास मिळतात. साथ असताना नुसते उंदीर मारत सुटणे घातक. आधी पिसवांचा बंदोबस्त हवा. आणि दुसरी गोष्ट अशी की, सापळा व विष ही उसनी मदत होय. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते. अन्न आणि आसरा कायम असेल, तर मेलेल्यांची जागा लवकरच भरून निघते. धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवणे, दुकानातील पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचणे, खरकटे रात्रभर उघडे न टाकणे, मोरीला जाळी बसविणे, बोटभर भोकेसुद्धा सिमेंटने बुजविणे, हाच पक्का उपाय.

हा विषय जुना झाला असे कोणी म्हणू नये. १९९४ साली सुरतेत प्लेगच्या बातमीने लोक शहर सोडून पळाले. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. उंदरांच्या मुतातून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात.

परक्या शिपायाने घेतलेली झडती आमच्या आजोबा-पणजोबांना अपमानाची वाटली, आणि ती तशी होतीच. परंतु आपल्या घराची, दुकानाची, कचेरीची झडती आपणच घ्यावी, यात अपमान कसला? ते तर आपले काम.