मुलाची चाचणी, घराची संमती

पंचवटीतून निघणाऱ्या दिंडोरी रोडवर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याच रस्त्याने वणी, सुरगाण्याकडची माणसे आजारी लेकरे घेऊन नाशिकच्या दवाखान्यांत येतात. मुलांच्या एचआयव्ही चाचणीच्या कामात नव्याने येणाऱ्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी लेकराबरोबर कोण आले आहे ते आधी पाहावे. बहुधा आई, कधी आजी, कधी मामा. मुलांमधली एचआयव्हीची बाधा बहुतेक वेळा आईकडून आलेली असते. म्हणून चाचणी मुलाची झाली तरी गुपित आईचे फुटते.

रुग्णालयांची जुनी रीत लक्षणांवर चालते. क्षयरोग, खुंटलेली वाढ किंवा वरचेवर न्यूमोनिया दिसला की आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राची, चिठ्ठी. रीत चूक नाही, पण तिला उशीर होतो: उपचाराविना बाधित बालकांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. आरोग्यसेवकानेच होऊन चाचणी सुचवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. वॉर्डातल्या प्रत्येकाला विचारले की कोणा एकावर बोट रोखले जात नाही, ही त्यातली खरी खुबी. मात्र बाधा विरळ असेल तिथे शेकडो चाचण्यांमागे एखादे मूल सापडते. म्हणून मला विचाराल तर आपल्याकडे एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातून, सुरुवात करावी. औषधाला आलेल्या आईला घरातल्या सगळ्या मुलांबद्दल विचारावे, धडधाकट थोरल्याबद्दलही. जन्मापासूनची बाधा काही मुलांत दहा-दहा वर्षे गप्प राहते.

तान्ह्यांचे तंत्र वेगळे. आईच्या अँटिबॉडी बाळात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे ठिपके घेऊन विषाणूच शोधावा लागतो.

किशोरवयीनांपाशी मात्र आपली घडी विस्कटते. २०१७ चा एचआयव्ही कायदा अठराखालील मुलासाठी पालकाची संमती मागतो. तोच कायदा बारा वर्षांवरच्या समजदार भावंडाला धाकट्याचे पालकत्व निभावू देतो! शिवाय बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहेच: सोळा वर्षांच्या मुलीने शरीरसंबंधातून बाधा झाल्याची भीती बोलून दाखवली, की समुपदेशकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन येते. ती दुसऱ्यांदा येईल का, याचा विचार चाचणीची खोली उघडण्याआधीच करायला हवा.