रिपिंग (चित्रपटांच्या डिस्कचे)

विकत घेतलेल्या व्हीसीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे डिस्कवरचा चित्रपट संगणकात उतरवून त्याची फाइल घरच्या संग्रहात ठेवण्याची प्रक्रिया. डिस्कवर ओरखडे पडतात, बिघडलेला प्लेअर दुरुस्त करणारा सापडत नाही आणि नव्या लॅपटॉपांत बहुधा डिस्क घालायची सोयच नसते. म्हणून संग्राहक या खटाटोपाला लागतात. नुसती नक्कल करणे सोपे असते. अडचण येते ती नक्कल रोखणाऱ्या सांकेतिक कुलपाची.

व्हीसीडीला असे कुलूप नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या आणि चित्रपट विकत घेणे मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आले. व्हीसीडीवरचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असते आणि एका डिस्कवर साधारण सव्वा तासाचाच मजकूर मावतो. त्यामुळे चित्रपट बहुधा दोन डिस्कवर विभागलेला असतो. दोन्हींवरच्या डॅट फायली उतरवून जोडाव्या लागतात. जागा वाचवण्यासाठी व्हीसीडीत चूक-दुरुस्तीची माहिती कमी ठेवलेली असते. साहजिकच सारख्याच ओरखड्याने डेटा-सीडीपेक्षा तिचे नुकसान अधिक होते. घरात तिन्ही प्रकारच्या डिस्क असतील तर सुरुवात व्हीसीडीपासून करणे शहाणपणाचे. मात्र मूळ चित्रात नसलेला तपशील फाइल मोठी केल्याने येत नाही.

डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात प्रथम बाजारात आली. तिच्या एका थरात ४.७ आणि दोन थरांत सुमारे ८.५ गीगाबाइट माहिती मावते. चित्रपट व्हीओबी फायलींच्या तुकड्यांत असतो आणि व्यावसायिक डिस्कवर तो बहुतेकदा सीएसएस या पद्धतीने कुलूपबंद केलेला असतो. या कुलपाची किल्ली अवघ्या ४० बिटांची. १९९९ मध्ये डीसीएसएस या छोट्या प्रोग्रॅमने ते कुलूप उघडले. त्याच्याशी नाव जोडले गेलेला नॉर्वेचा यॉन लेक योहानसन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. स्वतः विकत घेतलेली डिस्क पाहण्यासाठी कुलूप उघडणे गुन्हा नव्हे, असे म्हणत २००३ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. अपिलातही तोच निकाल कायम राहिला. ब्लू-रेचे एएसीएस कुलूप याहून बळकट आहे.

मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम डिस्कवरचे चित्र व ध्वनी जसेच्या तसे एमकेव्ही फाइलमध्ये आणतो. हँडब्रेक ती फाइल दाबून लहान करतो. कुलूप उघडणे हे त्याचे काम नाही. दाबताना दर्जा थोडा उतरतोच, तेव्हा संगणकाच्या हार्ड डिस्कवर जागा असेल तर मूळ फाइलही ठेवावी. ब्लू-रेचा एकच चित्रपट २० ते ४० गीगाबाइट खातो, हे मात्र आधीच हिशेबात धरावे. डीव्हीडीवरची उपशीर्षके अक्षरे नसून चित्रे असतात. ती मजकुरात आणायची तर अक्षरओळख करणारे वेगळे साधन लागते, आणि देवनागरीत ते काम अजून कंटाळवाणे आहे. शेवटी फाइलला नाव व वर्ष द्यायचे, म्हणजे प्लेक्स किंवा जेलीफिन यांसारखा संग्रह मांडणारा प्रोग्रॅम पोस्टर आणि कलावंतांची माहिती स्वतःच जोडतो. वर्ष गाळू नये : ‘श्यामची आई’ १९५३ चाही आहे आणि २०२३ चाही.

कायद्याची बाजू देशागणिक बदलते. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने कुलूप उघडण्यावरच बंदी घातली. रियलडीव्हीडी हे सॉफ्टवेअर २००९ मध्ये तिथल्या न्यायालयाने याच कारणाने विक्रीतून थांबवले. ब्रिटनने २०१४ मध्ये खासगी प्रतीला मुभा दिली आणि वर्षभरात ती न्यायालयात रद्द झाली. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला जागा आहे, तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. हेतू हा शब्द येथे निर्णायक. स्वतःच्या घरातली प्रत आणि मित्रांना वाटलेली प्रत यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

स्टुडिओंनी स्वतःचा मार्गही काढून पाहिला. २०१२ मध्ये अमेरिकेतील वॉलमार्ट दुकानात डिस्क दाखवून दोन डॉलरला तिची ऑनलाइन प्रत मिळू लागली, डीव्हीडीची एचडी प्रत हवी तर पाच डॉलरला. ती ज्या अल्ट्राव्हायोलेट खात्यात जमा होई, ती सेवा जुलै २०१९ मध्ये बंद पडली. ग्राहकांचे चित्रपट दुसऱ्या दुकानांच्या खात्यांशी जोडलेले होते म्हणूनच पुढे पाहता आले.