सुवर्णदशकातील दुबळे वर्ष

मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी वृत्तपत्रे चाळून झाली की चर्चा सुरू होते. आणि ती राजकारणावरून, भाजीच्या भावावरून फिरत फिरत अखेर हिंदी चित्रपटसंगीतावर येऊन स्थिरावते. १९५० ते १९५९ ही दहा वर्षे म्हणजे त्या संगीताचे सुवर्णयुग, याविषयी आमच्यात कधीच दुमत झाले नाही. एकमत फार काळ न मानवणाऱ्या एका सभासदाने म्हणूनच एके दिवशी निराळा प्रश्न टाकला: या दहा वर्षांतील सर्वांत दुबळे वर्ष कोणते? प्रश्न गमतीने विचारला असावा. तथापि तो पाच रविवार पुरला आणि दोन सन्माननीय सभासदांमध्ये काही काळ अबोलाही झाला. आमचा जन्म त्या दशकानंतरचा. म्हणजे आम्ही साक्षीदार नव्हे, फार तर दफ्तर तपासणारे कारकून. त्या तपासणीत जे हाती लागले ते येथे मांडीत आहो.

पहिला तंटा सीमेचा. दशक १९५१ पासून मोजावे असा काहींचा आग्रह होता. तसे केल्यास ‘मुगल-ए-आझम’ आणि ‘बरसात की रात’ यांचे १९६० हे वर्ष आत येते, १९५० बाहेर जाते आणि मुख्य आरोपीच पसार होतो. हा हिशेब आम्ही मान्य केला नाही.

बहुतेक वर्षे विनाचौकशी सुटली. ‘आवारा’, ‘बाजी’, ‘अलबेला’ आणि ‘तराना’ ज्या एका वर्षी आले त्या १९५१ वर बोट कोण ठेवणार? ‘बैजू बावरा’चे १९५२, ‘श्री ४२०’ व ‘आझाद’चे १९५५, ‘प्यासा’ व ‘नया दौर’चे १९५७, ‘मधुमती’चे १९५८, ‘नवरंग’ व ‘गूंज उठी शहनाई’चे १९५९ यांचेही तेच. १९५४ वर एकाने ‘नागिन’मधील पुंगीच्या अतिरेकाचा आरोप ठेवला. ती पुंगी नव्हतीच, कल्याणजींनी वाजविलेले क्लॅव्हियोलिन नावाचे वाद्य होते, असे सांगताच ते अधिकच संतापले. १९५६ मध्ये नौशाद यांचा एकही चित्रपट नाही, ही उणीव खरी. परंतु त्याच वर्षी ‘चोरी चोरी’, ‘सी.आय.डी.’ आणि ‘बसंत बहार’ आले. ‘बसंत बहार’मध्ये भीमसेन जोशी व मन्ना डे यांची जुगलबंदी आहे आणि कथेच्या सोयीसाठी तीत भीमसेनांना हार पत्करावी लागते. यावरून ते वर्षच रद्द करावे अशी सूचना आली होती. ती अर्थातच मराठी अभिमानातून आली होती, न्यायबुद्धीतून नव्हे.

उरली दोन वर्षे, १९५० आणि १९५३.

१९५० चे पहिले दुर्दैव असे की ते १९४९ नंतर आले. ‘महल’, ‘बरसात’, ‘अंदाज’, ‘बडी बहन’, ‘दुलारी’ असे पीक येऊन गेल्यावर पुढच्या वर्षी जमीन थोडी थकणारच. ‘बरसात’ने एका रात्रीत नावारूपाला आलेल्या शंकर-जयकिशन यांचा १९५० मध्ये एकही चित्रपट झळकला नाही. ‘महल’चे संगीतकार खेमचंद प्रकाश त्या ऑगस्टमध्ये निवर्तले. सचिनदेव बर्मन यांनी ‘अफसर’ला संगीत दिले, पण त्यांचा खरा सूर लागला तो पुढच्या वर्षी ‘बाजी’त. मदनमोहन यांचा ‘आँखें’ हा पहिलाच चित्रपट होता. ओ. पी. नय्यर, सलिल चौधरी आणि संगीतकार या नात्याने हेमंतकुमार हे तर हिंदी चित्रपटाच्या उंबरठ्याबाहेरच उभे होते. म्हणजे ज्यांनी हे दशक घडविले त्यांपैकी निम्मे लोक अजून आलेले नव्हते किंवा नुकते चपला काढीत होते.

मग त्या वर्षी होते काय? पुष्कळ होते. नौशाद यांचा ‘बाबुल’, सी. रामचंद्र यांचे ‘समाधी’ व ‘सरगम’, रोशन यांचा ‘बावरे नैन’, बुलो सी. रानी यांच्या ‘जोगन’मधील गीता रॉयची भजने. आणि अनिल विश्वास यांचा ‘आरजू’, ज्यातून तलत महमूद यांचा तो कंप पावणारा आवाज मुंबईच्या चित्रसृष्टीत प्रस्थापित झाला. हे वाचून दुबळेपणा कसा तो दिसत नाही. यास्तव आम्ही एक कसोटी सुचविली: प्रत्येक वर्षाचे दोन सर्वोत्तम चित्रपट बाजूला काढावे आणि मागे काय राहते ते पाहावे. या कसोटीला १९५० उतरते, पण काठावर. शिवाय त्यातील बरीच गाणी ऐकताना मागच्या दशकाचा वास येतो. तो वास काहींना प्रिय आहे हे आम्हांस ठाऊक आहे.

१९५३ च्या बाजूने बोलणारे एकच ज्येष्ठ सभासद होते, आणि ते ऐकत नव्हते. त्यांना आम्ही यादी वाचून दाखविली: ‘अनारकली’, ‘पतिता’, ‘आह’, ‘शिकस्त’, ‘दो बिघा जमीन’. नौशाद त्याही वर्षी नाहीत आणि बर्मनदांचे वर्ष फिकेच. पण ‘अनारकली’ असलेल्या वर्षाला दुबळे म्हणावयाचे तर सी. रामचंद्र यांच्या पुणतांब्याला काय वाटेल? त्यांचे उत्तर असे की यादी तुमची, वर्ष आमचे. त्या वर्षी आम्हांला गाणीच ऐकू आली नाहीत.

येथे आमचा तपास संगीताच्या दालनातून निघून सरकारी दालनात शिरला, जेथे आम्हांस अधिक मोकळे वाटते. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार, आणि चित्रपटगीतांविषयी मनस्वी नावड. ऑल इंडिया रेडिओवरील चित्रपटगीतांचा वेळ कापण्यात आला. जी थोडी गीते लावावयाची त्यांच्या चित्रपटाचे नाव उच्चारावयाचे नाही, कारण ती जाहिरात होय. त्यावर निर्मात्यांनी प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली आणि काही महिन्यांत चित्रपटगीत सरकारी रेडिओवरून जवळजवळ नाहीसे झाले. लोक याला सरसकट ‘बंदी’ म्हणतात. आमच्या मते हा दोन पक्षांच्या ताठरपणाचा परिणाम होता. असे प्रसंग फाइलींत आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. केसकरांच्या पदरी न्यायाने हेही टाकले पाहिजे की संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलन त्यांच्याच काळातील. सुगम संगीताला त्या वर्षांत सरकारी आश्रय मिळाला, आणि १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ घरोघर ऐकले गेले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. त्या ऋणातून निदान मराठी माणसाने तरी उतराई होऊ नये.

तथापि १९५३ मध्ये पुणे केंद्र वर्ष संपता संपता, २ ऑक्टोबरला सुरू झाले, आणि दूरच्या मुलखात नोकरीला आलेल्या मराठी तरुणाला त्याचा काय उपयोग? उपयोग होता तो सिलोनचा. महायुद्धातील बलाढ्य प्रक्षेपक तेथे होता. १९५२ च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत बोलत, त्यांच्या फिती विमानाने कोलंबोला जात आणि आपल्याच देशाची गाणी समुद्रापलीकडून परत येत. दिल्लीने ‘विविध भारती’ काढली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. मधली पाच वर्षे सरकारी नोकर घरी सरकारी केंद्र बंद करून परकीय केंद्र लावीत होता. हा शिस्तभंग होता काय, हे आम्ही तपासलेले नाही.

पण सिलोन ऐकावयास रेडिओ लागतो. त्या ज्येष्ठांनी १९५३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, कोकणातील घर सोडले होते. चौघांत एक खोली, रेडिओ कोणाकडेच नाही. ‘अनारकली’ त्यांनी तीनदा पाहिला तो चित्रपटाच्या प्रेमाने नव्हे. गाण्याचे दुसरे कडवे पाठ होईना म्हणून. चौथ्या वेळेला पैसे नव्हते, तेव्हा चित्रपटगृहाबाहेर आण्या-दोन आण्याला मिळणारी गाण्यांची चोपडी घेतली. तिच्यात शब्द होते, चाल नव्हती. चाल रात्री खोलीत चौघे मिळून आठवीत, आणि प्रत्येकाला निराळी आठवे.

आमचे मत आम्ही १९५० ला दिले आणि कार्यवृत्तात तसे नोंदविले आहे. ज्येष्ठांनी आपले मत बदलले नाही. पुढच्या रविवारी त्यांनी ती चोपडी वाचनालयात आणून टेबलावर ठेवली. कागद पिवळा पडलेला, एक कोपरा उंदराने खाल्लेला. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले होते: बुधवार, रात्री ८, पानवाल्याकडे.