मुरगावच्या तोंडाशी संपलेली गस्त : ‘अफान्सो द अल्बुकर्क’ या नौकेची सेवाकथा

सतराव्या शतकात सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोठा व्यापारी मार्ग खानदेशातून जात असे. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर हे त्यावरचे टप्पे. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी आणि तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या दोघांच्याही प्रवासवर्णनांत चोपड्याचे नाव आढळते. या वाटेने सुरतेला उतरलेला माल जहाजावर चढला की पुढचा प्रश्न उभा राही : जहाजापाशी पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’, म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना, आहे का? नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. सातपुड्याच्या पायथ्याच्या व्यापाऱ्याने समुद्र कधी पाहिला नसला, तरी गोव्याच्या गस्ती जहाजांचा जाच त्याच्या हिशेबाच्या वहीपर्यंत पोहोचत होता.

या गस्तीचा शेवट १८ डिसेंबर १९६१ रोजी दुपारी मुरगाव बंदराच्या तोंडाशी झाला. त्या दिवशी तेथे उभ्या असलेल्या एकमेव मोठ्या पोर्तुगीज युद्धनौकेचे नाव होते ‘अफान्सो द अल्बुकर्क’. १५१० मध्ये ज्याने गोवा जिंकला, त्याच सेनानीचे नाव. गोवामुक्तीच्या आपल्याकडील वर्णनांत ही नौका साधारण तासाभरापुरती येते : ती दिसते, लढते, किनाऱ्याला लागते. त्याआधीची तिची सव्वीस वर्षे मात्र कोणी सांगत नाही. ती सांगण्यासाठी हा थ्रेड.

नौका इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या हेबर्न येथे हॉथॉर्न लेस्ली या कंपनीने बांधली. १९३४ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि १९३५ मध्ये ती पोर्तुगीज नौदलात दाखल झाली. ‘बार्तोलोमेउ दियास’ ही तिची जुळी बहीण. पोर्तुगीज भाषेत अशा नौकांना ‘अविझु’ म्हणत. मोठ्या आरमारी लढाया हे त्यांचे काम नव्हते. दूरच्या वसाहतींत महिनोन्‌महिने राहणे, किनाऱ्यावर गस्त घालणे, सैनिक आणि अधिकारी पोहोचवणे, झेंडा दाखवणे आणि वेळ आलीच तर तोफा डागणे, यासाठी त्या होत्या. वेग सुमारे २१ नॉट, १२० मिलिमीटरच्या चार तोफा, लांबी सुमारे १०० मीटर.

आजच्या वाचकाला आकाराची कल्पना यावी म्हणून एक तुलना. गोवा शिपयार्डने भारतीय नौदलासाठी बांधलेल्या ‘सरयू’ वर्गाच्या सागरी गस्ती नौका १०५ मीटर लांबीच्या आहेत, म्हणजे जवळपास तेवढ्याच. त्यांतील ‘सुमित्रा’ने ३१ मार्च २०१५ रोजी युद्धग्रस्त एडनमधून ३४९ भारतीयांना बाहेर काढले होते. ज्या गोदीत त्या घडल्या, ती वास्कोची गोदी पोर्तुगीजांनीच १९५७ मध्ये सुरू केली होती.

अल्बुकर्कच्या आयुष्यातील पहिली तोफ मात्र शत्रूने डागलेली नव्हती. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार फ्रँकोच्या बाजूचा. त्या उन्हाळ्यात ही नौका स्पेनच्या प्रजासत्ताकवादी बंदरांत जाऊन आली आणि तेथील वातावरणाने तिच्या खलाशांवर परिणाम केला. परतल्यावर काही जणांना प्रजासत्ताकवाद्यांशी सहानुभूती दाखवल्याबद्दल नोकरीवरून काढण्यात आले. पोर्तुगीज नौदलात त्या काळी कम्युनिस्टांशी संबंध असलेली एक गुप्त संघटना काम करत होती, तिने उठावाची तयारी केली. ८ सप्टेंबर १९३६ च्या पहाटे लिस्बनजवळ टॅगस नदीत खलाशांनी ‘अल्बुकर्क’ आणि ‘दाउं’ ही विनाशिका, अशा दोन नौका ताब्यात घेतल्या आणि समुद्राकडे निघण्याचा प्रयत्न केला.

सालाझारने वाटाघाटी केल्या नाहीत. नदीच्या दोन्ही तीरांवरील किल्ल्यांच्या तोफा त्याने आपल्याच नौकांवर वळवल्या. काही तासांत दोन्ही नौका निकामी होऊन थांबल्या. खलाशी मारले गेले, शेकड्यांनी पकडले गेले. त्यांच्यापैकी अनेकांना केप व्हर्द बेटावरील ताराफाल येथे नुकत्याच उघडलेल्या छळछावणीत धाडण्यात आले. त्या छावणीच्या पहिल्या कैद्यांत हे नौसैनिक होते. म्हणजे १९६१ मध्ये ज्या राजवटीसाठी ही नौका लढली, त्याच राजवटीविरुद्ध पंचवीस वर्षांपूर्वी तिच्यावरच्या माणसांनी बंड केले होते. गोव्याचा स्वातंत्र्यलढा आणि पोर्तुगालमधील लोकांचा हुकूमशाहीविरुद्धचा लढा आपण अगदी वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. ते कप्पे इतके वेगळे नव्हते.

दुरुस्त झालेली नौका पुन्हा वसाहतींच्या कामाला लागली. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, आणि या तटस्थतेमुळेच तिच्या वाट्याला एक वेगळे काम आले. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘नोव्हा स्कॉशिया’ या ब्रिटिश जहाजाला दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्यासमोर जर्मन पाणबुडीने बुडवले. जहाजावर बहुसंख्य होते ते मसावाहून दरबानला नेले जाणारे इटालियन कैदी, म्हणजे जर्मनीच्याच मित्रराष्ट्राचे लोक. पाणबुडीच्या कप्तानाला ही गोष्ट बुडणाऱ्यांकडूनच समजली. बचावासाठी थांबू नये असा त्याला वरून आदेश आला, मात्र पोर्तुगिजांना कळवण्यात आले. मोझांबिकमधील लोरेन्सो मार्किश (आजचे मापुतो) येथून ‘अल्बुकर्क’ निघाली. दोन दिवस तराफ्यांवर आणि फळकुटांवर तगलेले, शार्कच्या वेढ्यातील सुमारे १९० लोक तिने ३० नोव्हेंबरला पाण्यातून काढले. साडेआठशेहून अधिक माणसे तोवर गेली होती. तिच्या साऱ्या कारकिर्दीत एवढी मोलाची कामगिरी दुसरी नाही.

पुढे १९४५ च्या सप्टेंबरअखेरीस जपानी ताब्यातून सुटलेल्या पूर्व तिमोरवर पोर्तुगीज सत्ता पुन्हा बसवण्यासाठी जी जहाजे दिलीला गेली, त्यांतही ती होती. जग वसाहती सोडण्याच्या वाटेवर असताना ही नौका वसाहत परत घ्यायला निघाली होती, यात सालाझारच्या राजवटीचा पुढचा हट्ट आधीच दिसतो.

आता १९६१. नोव्हेंबरमध्ये कारवारजवळील अंजदीव बेटावरून पोर्तुगिजांनी ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी जहाजावर गोळीबार केला, पाठोपाठ एका मच्छीमाराचा जीव गेला. भारताने ‘ऑपरेशन विजय’ची तयारी केली. लिस्बनहून गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांना सालाझारचा संदेश आला. आशय असा की शरणागती नको, पोर्तुगीज सैनिक आणि नाविक एक तर विजयी असतील किंवा मृत. विजय शक्य नाही हे लिस्बनला पुरते ठाऊक होते. हा आदेश म्हणजे जगाला दाखवण्यासाठी प्रेते मागणे होते. त्याला शौर्याचे नाव देणे हा मेलेल्यांचाच अपमान ठरेल.

१८ डिसेंबरच्या सकाळी भारतीय हवाई दलाने दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. त्यानंतर गोव्याचा लिस्बनशी संपर्क उरला तो मुरगावजवळ नांगरलेल्या या नौकेच्या बिनतारी यंत्रामार्फत. सत्तावीस वर्षांपूर्वी पाण्यात उतरलेली गस्ती नौका आता किनाऱ्याची तोफ आणि साम्राज्याचा आवाज अशी दोन्ही कामे करत होती.

तिच्यासमोर आल्या ‘आयएनएस बेतवा’ आणि ‘आयएनएस बियास’ या फ्रिगेट. दोन्ही १९६० मध्ये सेवेत आलेल्या, साडेचार इंची जोडतोफांनी सज्ज. एक योगायोग असा की त्याही टाइन नदीकाठीच, विकर्स आर्मस्ट्राँगच्या गोदीत बांधलेल्या. एकाच नदीच्या काठी जन्मलेल्या तीन नौका जुवारीच्या मुखाशी एकमेकींवर तोफा रोखून उभ्या होत्या, पण त्यांच्यामध्ये पाव शतकाचे अंतर होते. अल्बुकर्कची तोफ मिनिटाला जेमतेम दोन गोळे टाकू शके, भारतीय तोफा सोळा.

दुपारी बाराच्या सुमारास भारतीय नौका आत शिरल्या आणि त्यांनी मारा सुरू केला. मधूनमधून दिव्यांच्या संकेतांनी शरण येण्याचे आवाहन होत होते. कप्तान अंतोनियु द कुन्या अरागाउं याने नांगर उचलून नौका पुढे काढली आणि प्रत्युत्तर दिले. बंदराच्या अरुंद पाण्यात वळायलाही जागा नव्हती. सव्वाबाराला नियंत्रणकक्षावर थेट गोळा बसला. दहा मिनिटांनी नौकेच्या माथ्यावर फुटलेल्या गोळ्याने बिनतारी अधिकारी ठार झाला, कप्तान गंभीर जखमी झाला आणि सूत्रे उपकप्तान पिंतु दा क्रुझ याच्याकडे गेली. इंजिनेही निकामी होत चालली होती. १२.३५ ला नौका पूर्ण वळवून बांबोळीच्या किनाऱ्यावर चढवण्यात आली.

याच क्षणी एक विचित्र प्रकार घडला. आदेश नसताना संकेत विभागातील एका सार्जंटने पांढरे निशाण चढवले. ते डोलकाठीला गुंडाळले गेले, भारतीय नौकांना दिसलेच नाही, मारा चालू राहिला आणि निशाण लगेच उतरवण्यातही आले. त्या सार्जंटला भ्याड म्हणणारे पोर्तुगालमध्ये असतील. परंतु ‘विजयी किंवा मृत’ या आदेशातील मूर्खपणा त्या दिवशी सर्वांत आधी त्यानेच ओळखला, असे म्हणायला हरकत नाही.

नौका सुमारे चारशे गोळे झाडून बसली होती. दुपारी एकनंतर उरलेल्यांनी तिला आग लावली आणि ते जखमी कप्तानासह वाळूवर उतरले. पाच मृत, तेरा जखमी. कप्तानाला मोटारीने पणजीच्या रुग्णालयात नेले. पुढे ‘बेतवा’ आणि ‘बियास’चे कप्तान त्याची विचारपूस करायला तेथे गेले होते.

त्या दिवशी भारतीय नौदलानेही माणसे गमावली. अंजदीव बेटावर उतरलेल्या तुकडीतील सात नौसैनिक तेथे मारले गेले. मुरगावची लढाई सांगताना हे सात जण बहुधा विसरले जातात.

१९ डिसेंबरच्या संध्याकाळी वासालु इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. हजारो सैनिकांचे प्राण वाचले, पण मायदेशी परतल्यावर त्यांना बडतर्फ करण्यात आले. सन्मान परत मिळण्यासाठी त्यांना १९७४ ची, लष्करानेच घडवून आणलेली, पोर्तुगीज क्रांती होईपर्यंत थांबावे लागले. ती क्रांती सालाझारने उभारलेल्या राजवटीविरुद्ध होती, म्हणजे १९३६ मध्ये टॅगस नदीतले खलाशी ज्यासाठी उठले होते ती अडतीस वर्षे उशिरा.

‘अल्बुकर्क’ १९६२ पर्यंत दोना पावलाजवळच्या किनाऱ्यावर रुतून होती. मग तिला ओढत मुंबईला नेले आणि भंगारात विकले. तिचे काही सुटे भाग तेवढे काढून संग्रहालयासाठी ठेवण्यात आले.