कम्युनिटी कॉलेजांतील संशोधन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील द्विवर्षीय सार्वजनिक महाविद्यालयांत अध्यापकांनी व पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी केलेले विविध विद्याशाखांतील संशोधन. ही महाविद्यालये आरंभी ‘ज्यूनियर कॉलेज’ या नावाने ओळखली जात. पदवी अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे, व्यवसायशिक्षण आणि प्रौढांसाठी वर्ग असे त्यांचे तिहेरी कार्य असून प्रवेश बहुधा सर्वांना खुला असतो. महाराष्ट्रात १९७५ पासून अकरावी-बारावीच्या वर्गांना ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणतात. त्यांच्याशी या संस्थांची गल्लत करू नये. भारतातही १९९० नंतरच्या दशकात पाँडिचेरी, चेन्नई इ. ठिकाणी अमेरिकेतील नमुन्यावरून याच नावाच्या संस्था निघाल्या. त्यांचा भर प्रामुख्याने कौशल्यशिक्षणावर आहे.

या महाविद्यालयांची मूळ कल्पना संशोधनाच्या चिंतेतूनच निघाली, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. एकोणिसाव्या शतकात मिशिगन विद्यापीठाचे हेन्री टॅपन (१८०५–८१), मिनेसोटा विद्यापीठाचे विल्यम फॉलवेल (१८३३–१९२९) इ. कुलगुरूंवर जर्मन विद्यापीठांचा मोठा प्रभाव होता. पहिल्या दोन वर्षांचे प्राथमिक स्वरूपाचे अध्यापन विद्यापीठाबाहेर न्यावे व विद्यापीठाने उच्च अध्ययन आणि संशोधन यांकडे वळावे, असे त्यांचे मत होते. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर (१८५६–१९०६) यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. १८९२ मध्ये विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा त्यांनी पदवीपूर्व शिक्षणाचे दोन विभाग पाडले. १८९६ मध्ये त्यांपैकी खालच्या विभागास ‘ज्यूनियर कॉलेज’ हे नाव मिळाले. हार्पर यांच्याच प्रेरणेने इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी शाळेला जोडून दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला (१९०१). पहिल्या वर्गात सहा विद्यार्थी होते. संशोधनाला वाव मिळावा म्हणून जी संस्था जन्मास आली, तिच्या स्वतःच्या वाट्याला मात्र संशोधन ठेवले गेले नाही.

माध्यमिक शाळेशी असलेले हे नाते दीर्घकाळ टिकले. कॅलिफोर्नियात १९०७ च्या कायद्याने माध्यमिक शाळांनाच पुढील दोन वर्षांचे वर्ग चालविण्याची मुभा मिळाली. अध्यापक पुष्कळदा शाळांतून येत आणि त्यांच्या कामाचे माप शाळेप्रमाणेच तासांत होई. आठवड्याला पंधरा तासांचे, म्हणजे सत्राला पाच विषयांचे अध्यापन हा पुढेही सर्वसाधारण दंडक राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांमुळे विद्यार्थिसंख्या वाढली आणि राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालामुळे (१९४७) ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्च शिक्षण योजनेने श्रमविभागणीस कायद्याचे रूप दिले. राज्यातील संशोधनाची मुख्य जबाबदारी कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे गेली; राज्य महाविद्यालयांना अध्यापनाशी सुसंगत एवढ्याच संशोधनाची परवानगी मिळाली; कनिष्ठ महाविद्यालयांच्या कार्यात त्याचा समावेशच नव्हता. ही विभागणी खर्चाच्या दृष्टीने सोयीची होती. परंतु प्रशासकीय सोयीसाठी आखलेल्या रेषेला पुढे बौद्धिक कुवतीची रेषा मानले गेले.

संशोधनाचा विषय म्हणून मात्र या महाविद्यालयांकडे बरेच लक्ष गेले. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क (१९२१–२००९) यांनी सॅन होजे येथील कनिष्ठ महाविद्यालयाचा अभ्यास करून १९६० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पदवीची आकांक्षा धरून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना चाचण्या व समुपदेशन यांच्याद्वारे हळूहळू लहान ध्येयांकडे वळविले जाते आणि त्यामुळे अपयशाची धार बोथट होते, असे त्यांनी दाखविले. तेथील विद्यार्थी आकडेवारीचा घटक होता; आकडेवारी तो स्वतः गोळा करील, ही अपेक्षा कोणाचीही नव्हती.

तरीही स्थानिक सामग्रीच्या आधारे काही अध्यापकांनी भरीव कार्य केले. यूटा राज्यातील प्राइस या कोळसा खाणींच्या गावी असलेल्या कॉलेज ऑफ ईस्टर्न यूटा या द्विवर्षीय महाविद्यालयाचे प्रागैतिहासिक संग्रहालय १९६१ मध्ये स्थापन झाले. संग्रहालयाचे डॉनल्ड बर्ज, जेम्स कर्कलंड व रॉबर्ट गॅस्टन यांनी पूर्व क्रिटेशस काळातील खडकांत सापडलेल्या एका मोठ्या शिकारी डायनोसॉराचे वर्णन १९९३ मध्ये ‘यूटारॅप्टर’ या नावाने प्रसिद्ध केले. शोध लागण्यास १९९१ मधील उत्खननात मिळालेली पायाची प्रचंड नखी कारणीभूत झाली. हे महाविद्यालय २०१० मध्ये यूटा राज्य विद्यापीठात विलीन झाले. इतिहासाच्या क्षेत्रात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ला ग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९८२ मध्ये अभिलेखागार स्थापन झाले आणि महापौर फ्यॉरेल्लो ला ग्वार्डिया यांच्या कागदपत्रांबरोबरच परिसरातील स्टाइनवे या पियानो बनविणाऱ्या कंपनीचे दप्तरही तेथे आले. त्याच महाविद्यालयातील इतिहासाचे प्राध्यापक रिचर्ड लीबरमन यांनी या कंपनीचा व तिच्या कामगारांचा इतिहास ग्रंथरूपाने सिद्ध केला (१९९५). मोठ्या विद्यापीठाला कदाचित किरकोळ वाटले असते असे हे दप्तर शेजारच्या महाविद्यालयामुळे अभ्यासकांना उपलब्ध झाले.

विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा इतिहास याहून अलीकडचा आहे. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेने १९६९ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सहभागी करून घेण्याची योजना सुरू केली. १९७८ मध्ये पदवीपूर्व संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे प्रवर्तक मुख्यत्वे लहान खाजगी महाविद्यालयांतील रसायनशास्त्रज्ञ होते. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८७ पासून उन्हाळी संशोधनासाठी विद्यार्थ्यांना साहाय्य देण्यास आरंभ केला. परंतु दहा आठवडे घर सोडून प्रयोगशाळेत राहणे नोकरी करणाऱ्या, मुलेबाळे असणाऱ्या विद्यार्थ्याला परवडणारे नव्हते, आणि कम्युनिटी कॉलेजात असे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. यावर जो उपाय निघाला तो साधा होता : संशोधन नेहमीच्या तासिकेतच आणावयाचे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेने २००८ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रॅहम हॅटफुल यांच्या सहकार्याने सुरू केलेला जंतुभक्षक विषाणूंचा उपक्रम. त्यात पुढे कम्युनिटी कॉलेजेही सामील झाली. विद्यार्थी परसातील किंवा रस्त्याकडेची चिमूटभर माती आणतो आणि तिचा अर्क निरुपद्रवी मायकोबॅक्टीरियमच्या थरावर पसरतो. ज्या ठिकाणी जंतू नष्ट होऊन थरात स्वच्छ ठिपका उमटतो, तेथे विषाणू असतो. तो वेगळा काढून विद्यार्थी त्याला नाव देतो व त्याच्या जीनोमचे टिपण तयार करतो. ही माती पूर्वी कोणी तपासलेली नसते. त्यामुळे उत्तर अध्यापकालाही ठाऊक नसते, आणि ठरीव प्रयोगाहून हे काम वेगळे पडते ते येथेच. अशा रीतीने जमविलेल्या ६२७ विषाणूंच्या जीनोमांची तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्नियातील क्वेस्टा कॉलेजात रसेल जेनेट यांनी जोडताऱ्यांची मोजमापे घेण्याचे वर्ग चालविले. काही जोडताऱ्यांच्या प्रदक्षिणेस शतके लागत असल्याने त्यांचा स्थितिकोन व कोनीय अंतर यांची प्रत्येक विश्वसनीय नोंद उपयोगी पडते, मग ती लहान दूरदर्शकातून घेतलेली का असेना.

न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्स कम्युनिटी कॉलेजात जीवविज्ञानाच्या वर्गांतून सुरू झालेल्या प्रयोगाला राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे अनुदान मिळून त्यातून अनेक राज्यांतील महाविद्यालयांचे जाळे तयार झाले. तथापि आक्षेपही आहेत. अनुदान संपताच उपकरणे धूळ खात पडण्याचा धोका असतो. निम्म्याहून अधिक अध्यापक अर्धवेळ असून त्यांना संशोधनाच्या वेळेचे वेतन बहुधा मिळत नाही. पंधरा तासांच्या दंडकातही यासाठी सूट क्वचितच दिली जाते. शिवाय विद्यार्थी चतुर्वर्षीय विद्यापीठात गेला की त्याच्या संशोधनविषयक अभ्यासक्रमाचे श्रेयांक तेथील विभाग मानीलच, असा नियम नाही. अनेकदा तो ऐच्छिक विषय म्हणून मोजला जातो आणि विद्यार्थ्यास प्रयोगशाळेचा प्राथमिक पाठ पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागतो.